गोठ्यातली फियाट

'व्हिंटेज कार' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? एखाद्या संस्थानिकाची लांबलचक, पितळी दिव्यांची, पों-पों भोंग्याची गाडी, हो ना? तशा गाड्या आहेतच. पण आज मी ज्या गाडीबद्दल सांगणार आहे ती राजाची नाही. ती तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरातली आहे, आणि कुणी सांगावं, तुमच्या आजोळी ताडपत्रीखाली, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभीसुद्धा असेल!

ती म्हणजे फियाट.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचं नाव तुमच्या पालकांना ठाऊक असेल. आपल्या देशात जहाजं, विमानं, मोटारी बनल्या पाहिजेत या ध्यासानं झपाटलेला हा उद्योजक. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढं इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. त्यातल्या एका जुन्या मॉडेलचं नाक असं पुढं आलेलं होतं की लोकांनी तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'! हसू नका, अजूनही जाणकार तिला प्रेमानं हेच म्हणतात. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' आली. तिचंच नाव १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते? तीच ती. त्या टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

एके काळी ही गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. इतकी वाट पाहून घेतलेली वस्तू भंगारात घालताना आजी-आजोबांचा जीव का तुटतो, ते आता तुमच्या लक्षात येईल.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी अशीच एक डिलाइट होती. तिच्या आजोबांनी १९६६ साली घेतलेली. १९९५ मध्ये ती गोठ्यात जी उभी राहिली, ती राहिलीच. आजोबा गेले. गाडीच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आजी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी घेतलेली गाडी किलोवर जायची नाही." झालं! मग २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत मुलीच्या बाबांनी ठरवलं, आपणच ती उभी करायची. पोरगी मला विचारत आली, "बाई, आमची गाडी मेली आहे की नुसती झोपली आहे, हे कसं ओळखायचं?"

फार छान प्रश्न! आणि याचं उत्तर इंजिनात नसतं बरं का. ते पायाखाली असतं.

त्याहून जुन्या मोटारींना खाली लोखंडी सांगाडा असे, त्याला चॅसी म्हणतात. त्यावर पत्र्याचं घर बसवलेलं. फियाट ११०० मध्ये वेगळी चॅसी नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे, खांब आणि छप्पर हे सगळं एकमेकांना जोडून त्याचीच ताकद तयार होते, अंड्याच्या कवचासारखी. म्हणून तळ गंजला तर पावसात नुसते पाय भिजतात असं नाही. गाडीची हाडंच ठिसूळ होतात. इंजिन दुसरं मिळेल, दिवे मिळतील. हाडं कुठून आणणार?

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचं कारस्थान. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग पापडासारखा फुगतो. तो फुटला की आत आणखी ओल शिरते. त्यात गोठा ही तर गाडीसाठी सगळ्यांत वाईट जागा! ओल असतेच, शिवाय गोमूत्रातल्या क्षारांनी गंजाचा वेग वाढतो.

आता एक गंमत सांगते. फ्रिजवर चिकटवायचा लोहचुंबक घ्या, तो फडक्यात गुंडाळा आणि जुन्या गाडीच्या पत्र्यावरून हळूहळू फिरवा. जिथं तो चिकटत नाही तिथं पत्रा खाऊन गेलेला आहे आणि आधीच्या कुणीतरी लांबी भरून वर रंग फासलेला आहे. या मुलीनं हा प्रयोग केला. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या भागात चुंबक टपकन खाली पडला! दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की पाणी आतच साठतं. बाकी चालकाच्या पायाखाली एक मोठं भोक निघालं, पण उंबरे आणि खांब शाबूत. म्हणजे गाडी झोपली होती.

मग बाबांचे मित्र जमले. प्रत्येकाचा सल्ला एकच, "नवी बॅटरी लाव आणि सेल्फ मार!" हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पण सत्तावीस वर्षं न फिरलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसलेल्या असू शकतात. जोरानं फिरवलं तर रिंगा तुटतात, सिलिंडरवर ओरखडे येतात आणि वाचू शकणारं इंजिन फुकट जातं. गावातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं त्यांना थांबवलं. चारही स्पार्क प्लग काढले. प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि आठ दिवस गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं. पुन्हा ऑइल, पुन्हा आठ दिवस. तिसऱ्या रविवारी पाना लावून हातानं जपून फिरवलं, तर पंखा एक बोटभर हलला. एवढ्याशा हालचालीवर सगळं घर टाळ्या पिटत होतं!

या इंजिनाचं माप १०८९ घनसेंटिमीटर. म्हणजे चारही सिलिंडरमध्ये पिस्टन खाली-वर होताना जी जागा व्यापतात ती सगळी मिळून एक लिटर आणि वर ८९ मिलिलिटर. चाराने भागा पाहू. एकेका सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम एका मोठ्या पेल्याएवढी जागा येते. तेवढ्या जागेत हवा-पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. आणि त्यावर चार-पाच माणसं घेऊन घाट चढायचा. गणिताच्या तासाला मी हे उदाहरण आता घालतेच.

टाकीतलं जुनं पेट्रोल तर वार्निशासारखं चिकट झालं होतं आणि वास असा आंबट की बोलू नका. टाकी काढून साफ करायला दिली. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. तिला घरी वेल्डिंग करायचं नाव काढायचं नाही. रबरी नळ्याही सगळ्या बदलल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही.

त्या वर्षी दसऱ्याला इंजिन सुरू झालं. पांढरा धूर, कानठळ्या, आणि गोठ्यातून उधळलेली म्हैस! सगळे म्हणाले, आता एक चक्कर मारू या. मेकॅनिकनं किल्ली काढून खिशात घातली. का? ब्रेक!

या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. बंद नळीतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. हा पास्कलचा नियम मोठ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक असेल. पायानं पेडल दाबलं की चारही चाकांतले ब्रेक-शू ड्रमवर घासतात. पण ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं की आतल्या सिलिंडरना खड्डे पडतात आणि रबरी वॉशर कडक होतात. शिवाय त्या काळी चारही चाकांना मिळून एकच तेलवाट असे. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक फुटली तर दुसरी सांभाळून घेते. इथं एका चाकाशी गळती झाली की पायाचा ब्रेक गेलाच, उरतो तो हातब्रेक. त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत 'चालतंय की' म्हणणाऱ्या माणसाच्या हाती जुनी गाडी देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या घरानं इंजिन चालू असूनही पाच महिने गाडी जागची हलवली नाही. लोखंडी नळ्या नव्या टाकल्या, सिलिंडर बदलले, मगच गाडी अंगणात फिरली.

मुलांनी यात काय करायचं? पुष्कळ! गंजलेले नट-बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. सकाळी ब्रशनं घासा, धुवा, पुसून कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवा. बंपरच्या चकाकीवर तांबडे ठिपके असतील तर चॉकलेटच्या चांदीचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या वर्खाचा, बोळा पाण्यात बुडवून घासा. गंमत बघा मग! सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वही. सुटणारा प्रत्येक भाग डबीत घालून त्यावर चिठ्ठी लावायची आणि वहीत चित्र काढायचं. आमच्या या मुलीच्या वहीत दोनशे अकरा डब्यांची नोंद आहे. तिच्यावाचून तिच्या बाबांना दाराची कडीसुद्धा बसवता आली नसती.

पण पालकांनो, काही कामांपासून मुलांना लांबच ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक-शूंमध्ये अॅस्बेस्टॉस. दोन्हींची धूळ श्वासात जाता कामा नये. रंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, तोंडाला मास्क लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, अगदी कुणीही शिरायचं नाही. खाली भक्कम टेकू हवेतच.

खर्च आणि वेळ? सुट्ट्यांचे दिवस धरून अडीच वर्षं लागली. मुंबईत हजारो टॅक्सी धावत होत्या तेव्हा हिचे सुटे भाग सहज मिळत. आता शोधावे लागतात. मागच्या दिव्याची काच पुण्याच्या जुन्या बाजारात चौथ्या खेपेला सापडली.

रंगावरून घरात चांगलंच भांडण जुंपलं. बाबांना हवा होता झगझगीत लाल. पण डॅशबोर्डमागचा भाग सुटा केला तेव्हा आत मूळचा फिका निळसर करडा रंग जसाच्या तसा निघाला. आजी म्हणाल्या, "हाच." मागच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांनी लहानपणी खिळ्यानं कोरलेलं स्वतःचं नाव होतं. पेंटर ते बुजवायला निघाला होता, तेवढं आजींनी वाचवलं.

शेवटी प्रश्न आला कागदपत्रांचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूप फारसं न बदललेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. बाबांनी हे वाचून दाखवल्यावर आजींनी विचारलं, "म्हणजे बुधवारच्या बाजाराला न्यायची नाही? मग एवढा खटाटोप कशाला केला?"

बाबांनी मग तपासणी करून घेऊन नेहमीचीच नोंदणी नव्यानं केली. २०२४ च्या दिवाळीपासून फियाट दर बुधवारी बाजाराला जाते. पेट्रोलचा काटा अजून बिघडलेलाच आहे. टाकी भरलेली असो की रिकामी, तो अर्ध्यावरच उभा. म्हणून किती लिटर घातले आणि किती किलोमीटर झाले याचा हिशेब माझी विद्यार्थिनी त्याच वहीत ठेवते आणि पंपावर कधी थांबायचं ते मागच्या सीटवरून सांगते.