काजूच्या टरफलाचे तेल आणि फिनॉलिक रेझिनची उष्णतासहता

फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून लिओ बेकलंड यांनी १९०७ साली सिद्ध केलेले रेझिन एकदा पक्व झाले म्हणजे पुन्हा वितळत नाही. मात्र ते ठिसूळ असते. हा दोष कमी करण्याचा एक मार्ग कोकण-गोमंतकातील काजूच्या टरफलातून निघतो. टरफलाच्या तेलात प्रामुख्याने ॲनाकार्डिक अम्ल असते. ते तापविले असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कार्डॅनॉल उरते. हेही एक फिनॉलच. पण त्याच्या मेटा स्थानी १५ कार्बन अणूंची लांब शृंखला असते.

अम्ल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात, फॉर्माल्डिहाइडचे रेणुप्रमाण फिनॉलांहून कमी ठेवल्यास नोव्हॉलॅक मिळते. त्यात हेक्झामीन मिसळून तापविले की रेणूंचे जाळे पक्के होते. वरील शृंखलेमुळे हे जाळे विरळ व लवचिक राहते. गतिरोधकांच्या अस्तरांत अशा रेझिनांना स्थान मिळाले ते यामुळेच. उष्णतासहता मात्र काहीशी उणावते. नायट्रोजनमध्ये तापवीत नेल्यास शृंखला अगोदर तुटते, आणि कोळशाचा अवशेष साध्या फिनॉलिक रेझिनपेक्षा कमी राहतो.

वजनघटीचा आलेख येथे जपून वाचावा लागतो. सुमारे ३००° से. च्या खाली दिसणारी घट पुष्कळदा विघटनाची नसतेच. अपुऱ्या पक्वतेमुळे मागाहून सुटणाऱ्या पाण्याची व अमोनियाची ती असते. पडताळा सोपा आहे, आणि तरीही तो टाळला जातो हे नवल. एकाच नमुन्याचे दोन भाग करून एक अधिक काळ पक्व करावा. त्याची घट कमी आढळल्यास पहिल्या भागातील तेवढी घट विघटनाच्या खात्यावर मांडता येत नाही.