राष्ट्रपतीपदाला अपक्ष उमेदवार: आपल्या सह्या कुठे अडतात?

राष्ट्रपतीपदाची निवडणूक जवळ आली की ग्रुपवर मेसेज फिरू लागतात. पक्षाबाहेरचा, शिकलेला, स्वच्छ माणूस राष्ट्रपती करूया, इथे सही करा. उलव्यातल्या आपल्या कितीतरी घरांतून अशा सह्या गेल्या असतील. आम्हीही केल्यात. 2012 मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यासाठी देशभर इंटरनेटवर मोहीम चालली, ममता बॅनर्जींनी फेसबुकवरून लोकांना हाक दिली. पण 18 जूनला खुद्द कलामसाहेबांनीच नाही म्हटलं. तोवर बहुतेक मोठे पक्ष प्रणव मुखर्जींकडे गेले होते. वर्गात हे शिकवताना मुलं हमखास विचारतात, इतक्या लोकांना हवे होते, मग अडलं कुठे?

अडलं ते सही कोणाची, यावर. अर्जाला पक्ष लागत नाही. वय 35 पूर्ण हवं, लोकसभा लढवण्याची पात्रता हवी, लाभाचं पद नको, अनामत 15,000 रुपये. इथवर कोणीही पोहोचेल. पण पुढे 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही या निवडणुकीचे मतदारच. मतदार म्हणजे आपण नव्हे, निवडून आलेले खासदार आणि आमदार. विधान परिषदेवाल्यांनाही मत नाही. म्हणजे आपल्या लाखभर सह्या एका आमदाराच्या सहीची जागा घेऊ शकत नाहीत.

ही अट आधी नव्हती. 1967 मध्ये 17 जण उभे राहिले, त्यातल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. मग 1974 मध्ये दहा-दहा सह्यांची अट आली, 1997 मध्ये ती पन्नास-पन्नास झाली. 2022 मध्ये 90 हून अधिक जणांनी अर्ज भरले, छाननीनंतर उरले दोघेच. आम्हाला विचाराल तर ही चाळणी जरा जास्तच बारीक आहे.

तरी अपक्ष जिंकलाय, एकदा. मे 1969 मध्ये डॉ. झाकीर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डींना उभं केलं, व्ही. व्ही. गिरी अपक्ष उतरले. इंदिरा गांधींनी आमदार-खासदारांना सदसद्विवेकाने मत द्यायला सांगितलं. तिसरे होते आपल्याच रायगडचे चिंतामणराव देशमुख, त्यांना पहिल्या पसंतीची 1,12,769 मतं मिळाली. पहिल्या फेरीत कोणालाच कोटा गाठता आला नाही, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. शेवटी गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. गिरींच्या मागे सत्तेतलाच मोठा गट होता, हे मुलांना सांगताना आम्ही लपवत नाही.

आता आपल्यापुरतं बघा. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175. आपल्या उरण मतदारसंघाने 2019 मध्ये महेश बालदींना अपक्ष म्हणून निवडून दिलं होतं, म्हणजे अपक्ष ही गोष्ट इथे नवी नाही. शिवाय राष्ट्रपती निवडणुकीत पक्षाला व्हीप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै 2027 मध्ये संपते. अधिसूचना निघाली की अर्जाला फक्त 14 दिवस मिळतात. कोणाचं नाव मनात असेल तर सह्यांचा कागद त्याआधी, आमदार आणि मावळच्या खासदारांच्या कार्यालयात हातोहात द्यायला हवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.