वाय-फाय चालू आहे, नेट नाहीये!

रिसॉर्टच्या बुकिंगच्या पानावर चार चित्रं हमखास असतात. निळाशार स्विमिंग पूल, पार्किंगचा ‘पी’, चहाचा वाफाळता कप आणि पंख्यासारखं उघडलेलं वाय-फायचं चिन्ह. पहिली तीन तिथे गेल्यावर दिसतात तरी. चौथ्याचं काही सांगता येत नाही. आणि लॅपटॉप बॅगेत टाकून वीकेण्डला निघणाऱ्या तुम्हा-आम्हा मंडळींचं सगळं टेन्शन नेमकं त्या चौथ्या चित्रावर लटकलेलं असतं.

कारण हल्ली सुट्टी मिळतेच मुळी अटीवर. ‘जा की बिनधास्त, फक्त रीचेबल राहा,’ असं बॉस हसत हसत सांगतो. २०२० च्या लॉकडाउननंतर कुठूनही काम करणं ऑफिसांच्या अंगवळणी पडलं आणि ‘वर्केशन’ हा नवा शब्द आपल्या बोलण्यात आला. आम्हा फ्रीलान्सरांना तर सुट्टी हा प्रकारच नाही. कॉपी वेळेत गेली तर पैसे, नाहीतर नमस्कार!

काकांचं एक वाक्य

दापोलीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये माझ्यावर ही वेळ आली. दुपारचे चार वाजलेले, सहापर्यंत एक लेख आणि आठ फोटो पाठवायचे होते. माझी खोली वाडीच्या पार टोकाला, सुपारीच्या झाडांमागे. लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या दिमाखात उभ्या, पण मेल काही जागचा हलेना. रिसेप्शनवर गेले तर मॅनेजर काका शांतपणे म्हणाले, ‘ताई, वाय-फाय चालूच आहे. नेट नाहीये.’

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, इतकं सोपं करून हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या कांड्या दाखवतात ते फक्त तुमचा लॅपटॉप आणि भिंतीवरचा राउटर यांच्यातलं नातं. राउटरच्या मागून जी वायर बाहेरच्या जगाकडे जाते, तिची तब्येत त्या कांड्यांना ठाऊक नसते. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल उचकटली, तरी तुमच्या स्क्रीनवर कांड्या चारच्या चार!

त्या दिवशी काकांनीच रस्ता दाखवला. ‘वर सड्यावर जा, तिथे रेंज मिळते.’ कोकणातली किनाऱ्याची गावं डोंगराच्या कुशीत खाली वसलेली. मोबाइल टॉवर आणि तुमच्यामध्ये एक टेकडी आली की संपलं. वरच्या मोकळ्या सड्यावर मात्र तोच फोन जिवंत होतो. फोनचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पाच चाळीसला कॉपी गेली.

खोलीत का येत नाही?

बहुतेक छोट्या रिसॉर्ट्समध्ये राउटर एकच, तोही ऑफिसात. त्यातून निघणारी २.४ गिगाहर्ट्‌झची लहर जरा लांब जाते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण भिंत आली की दमते. त्यात आपल्याकडची कॉटेजेस चिऱ्याच्या जाडजूड भिंतींची. फोटोत झकास दिसतात, सिग्नलला मात्र शत्रू. यादीत दोन नावं दिसली तर जवळ असताना ‘५जी’वालं आणि लांब असताना दुसरं निवडा. (हे ‘५जी’ म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे बरं का!)

दुसरा घोळ वेगाचा. ‘आमच्याकडे फास्ट नेट आहे’ म्हणणारा माणूस डाउनलोडबद्दल बोलत असतो. आपल्याला हवं असतं अपलोड. ४० एमबीची फाइल एक एमबीपीएस अपलोडवर साधारण साडेपाच मिनिटांत जाते, पाव एमबीपीएसवर तिलाच वीस मिनिटांच्या वर लागतात. आणि रात्री जेवणानंतर सगळे पाहुणे एकदम सिनेमे लावून बसले, की असलेला वेग सगळ्यांत वाटला जातो. मोठी फाइल पाठवायची तर पहाटे पाठवा. समुद्रही तेव्हा छान दिसतो.

ओटीपीचं कोडं

काही ठिकाणी वाय-फाय जोडल्यावर लॉगिनचं पान उघडतं आणि मोबाइल नंबर मागतं. हा नुसता छळ नाही, त्यामागे इतिहास आहे. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा इमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे नियम आणले. म्हणून हा ओटीपी. गंमत अशी, की आपण वाय-फाय शोधतो ते मोबाइलला रेंज नाही म्हणून, आणि ओटीपी येतो रेंज असली तरच! अशा वेळी सरळ रिसेप्शनवर जाऊन रूम नंबरवर कूपन किंवा पासवर्ड मागा.

कधी कधी हे पान उघडतच नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन आपोआप सुरू होत असेल तर तोच वाट अडवतो. तो क्षणभर बंद करा, लॉगिन करा आणि लगेच पुन्हा सुरू करा.

पुन्हा सुरू करणं विसरू नका. २०१४ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘डार्कहॉटेल’ नावाचं प्रकरण उघड केलं होतं. हॉटेलच्या वाय-फायवर आलेल्या बड्या अधिकाऱ्यांना सॉफ्टवेअर अपडेटचा खोटा निरोप दाखवून त्यांच्या लॅपटॉपमध्ये शिरकाव केला जात होता. तेव्हा हॉटेलच्या नेटवर असताना अचानक ‘अपडेट करा’ म्हणून खिडकी उघडली, तर तिला नम्र नकार द्या.

प्लास्टिकची खुर्ची

माझी एक मैत्रीण आयटीत आहे. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने हौसेने रिसॉर्ट बुक केलं. त्या दोन दिवसांत ती ऑन-कॉल होती आणि नेट यायचं फक्त रिसेप्शनसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. मग काय, केक कापला तेव्हा ही खुर्चीत, बीचवर चालायला गेले तेव्हाही खुर्चीत. आई दर तासाला चहा आणून देत होती. ‘नेट मिळालं, सुट्टी गेली,’ असं ती म्हणाली तेव्हा मला काय बोलावं कळेना.

म्हणून बुकिंगच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. एक रिसॉर्टला, ‘माझ्या खोलीत बसून व्हिडीओ कॉल होईल का?’ दुसरा बॉसला, ‘मी नेमकी किती ते किती ऑनलाइन हवी आहे?’ दहा ते बारा असं ठरलं, तर दोन तास खुर्चीत बसायलाही हरकत नाही. उरलेला दिवस आपला. काहीच ठरलं नाही, तर अख्खी ट्रिप कांड्या मोजण्यात जाते.

निघण्यापूर्वी…

• ‘वाय-फाय आहे का?’ विचारू नका. ‘खोलीत चालतं का, लाइट गेली तर राउटर बॅकअपवर आहे का?’ हे विचारा.

• मालकांना विचारा, ‘तुमच्या फोनमध्ये कुठलं सिम आहे?’ गावात काय चालतं ते याहून चांगलं कुणी सांगणार नाही. दोन सिम असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा.

• फोन खिडकीत उंचावर ठेवा, हॉटस्पॉट लावा आणि तुम्ही आत बसा. बॅटरी संपत आली तर यूएसबी केबलने जोडा. नेटही मिळतं, चार्जिंगही होतं.

• लॅपटॉपवर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, नाहीतर अपडेट्स तुमचा डेटा गिळतील. तासाभराच्या व्हिडीओ कॉललाच ९०० एमबीच्या आसपास लागू शकतात.

• लागणाऱ्या फाइल्स घरूनच उतरवून घ्या.

• आणि ठरलेली वेळ झाली की लॅपटॉप बंद. चहा थंड होतोय!