‘ड’ जीवनसत्त्व आणि विषाणुजन्य श्वसनसंसर्ग : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

बुलडाणा जिल्ह्यात सूर्यप्रकाश मुबलक आहे. तथापि ‘ड’ जीवनसत्त्वाची निर्मिती त्वचेवर प्रत्यक्ष पडणाऱ्या अतिनील किरणांवर अवलंबून असते. अंगभर वस्त्रे व दिवसभर वर्गखोलीतील वावर यांमुळे ती घटते. हे जीवनसत्त्व श्वसनमार्गातील पेशींना कॅथेलिसिडिन हे रोगजंतुरोधक द्रव्य निर्माण करण्यास प्रवृत्त करते. २०१७ मधील २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात पूरक मात्रेचा अल्प लाभ आढळला. तो तीव्र कमतरता असणाऱ्यांत अधिक होता, एकदम मोठी मात्रा घेणाऱ्यांत दिसला नाही. २०२५ मधील अधिक व्यापक विश्लेषणात मात्र एकूण लाभ संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. सारांश, कमतरता दूर करणे हाडांच्या आरोग्यासाठी आवश्यकच आहे. परंतु गोळीस लसीचा पर्याय मानणे अयोग्य ठरेल.