मोटर फिरते, मोजते ती नळी

पेरिस्टाल्टिक पंपात द्रव नळीखेरीज कशालाच शिवत नाही. पंपाच्या डोक्यात अर्धवर्तुळाकार भिंतीलगत एक लवचीक नळी बसवलेली असते आणि मधोमध फिरणाऱ्या चाकावर तीन किंवा चार रोलर असतात. रोलर नळीला भिंतीशी दाबून मिटवतो आणि पुढे सरकताना समोरचा द्रव रेटतो. तो पुढे गेला की नळी स्वतःच्या लवचीकपणाने फुगते आणि मागून नवा द्रव ओढून घेते. अन्ननलिका घास पुढे सरकवते तीही याच रीतीने. झडपा नाहीत, सील नाहीत, द्रवात बुडालेला धातू नाही. म्हणून रक्तासारख्या नाजूक द्रवालाही हा पंप चालतो. मायकेल डिबेकी यांनी १९३०च्या दशकात रक्त चढवण्यासाठी सुधारलेला रोलर पंप पुढे हृदय-फुफ्फुस यंत्राचा भाग झाला, आणि डायलिसिस यंत्रातला रक्तपंपही याच जातीचा आहे.

मुठीत मावणारे छोटे डोसिंग पंप मात्र वेगळ्या कामाला लागतात. प्रवाळांच्या मत्स्यालयात कॅल्शियमचे द्रावण सोडणे, मातीविना शेतीत पाण्याचा पीएच सांभाळणे, प्रयोगशाळेत ठरावीक रसायन घालणे. इथे मात्रा एक-दोन मिलिलिटरची असते आणि ती दिवसातून अनेकदा, कोणी पाहत नसताना पडते. रोज पाच टक्के जास्त पडले तर एका दिवसात काही दिसत नाही, पण महिन्याभरात टाकीतल्या पाण्याचे गणित बदललेले असते.

या पंपाची अचूकता वाढवायची म्हटले की लक्ष पहिल्यांदा मोटरकडे जाते. खरे मोजमाप मात्र नळी करते. दोन रोलरांच्या मध्ये अडकलेला द्रवाचा तुकडा हेच या यंत्राचे माप, आणि त्याचे आकारमान नळीच्या आतल्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. दोन मिलिमीटर व्यासाच्या नळीत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला, तर व्यास पाच टक्क्यांनी आणि प्रत्येक फेऱ्यातला द्रव जवळपास दहा टक्क्यांनी बदलतो. म्हणून एकाच खोक्यातले दोन पंप सारखे देतील असे धरून चालणे चूक आहे. नळी बदलली की जुना आकडा बाद झाला असेच समजावे, मग नवी नळी त्याच कंपनीची आणि त्याच मापाची का असेना.

नळी किती दाबली जाते हेही तितकेच महत्त्वाचे. रोलर आणि भिंत यांच्यातली फट नळीच्या दोन भिंतींच्या जाडीपेक्षा साधारण १० ते २० टक्के कमी ठेवतात. भिंत एक मिलिमीटर जाड असेल तर फट १.६ ते १.८ मिलिमीटरची. फट मोठी राहिली तर नळी पुरती मिटत नाही आणि द्रव मागे झिरपतो; फार लहान केली तर मोटरवर ताण येतो आणि नळी लवकर झिजते.

मोटरचे दोष यानंतर येतात, पण स्वस्त पंपांत तेही मोठे असतात. साध्या डीसी मोटरचा वेग व्होल्टेजनुसार बदलतो. १२ व्होल्टचा पुरवठा ११.४वर आला तर वेग साधारण पाच टक्क्यांनी उतरतो. शिवाय अशा पंपात मात्रा वेळेवर मोजली जाते, आणि वीज तोडल्यावरही मोटर क्षणभर फिरत राहते. यावर स्टेपर मोटर हा चांगला उपाय आहे. तिचा एक फेरा सहसा २०० पावलांचा असतो, त्यामुळे वेळेऐवजी पावले मोजता येतात. पण इथे एक खाच आहे. अनेक लहान पंपांत मोटरचा दांडा चाकाला पक्का जोडलेलाच नसतो. तो रोलरांच्या मधोमध बसतो आणि केवळ घर्षणाने त्यांना फिरवतो. हे घर्षण नळीच्या दाबावर टिकलेले असते. नळी मऊ पडली किंवा आत ओलसरपणा आला की दांडा घसरतो. मोटरने बिनचूक पावले टाकली तरी रोलर मागेच राहतात आणि नियंत्रकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून गिअरने किंवा पक्क्या जोडणीने फिरणारे डोके घ्यावे. ते शक्य नसेल तर रोलरांच्या चाकावरच लहान चुंबक बसवून हॉल सेन्सरने खरे फेरे मोजावेत.

प्रवाह सलग नसतो, हा या पंपाचा जन्मजात गुण. रोलर नळीवरून उचलला जातो तेव्हा दबलेला भाग फुगतो आणि बाहेर जाणारा द्रव क्षणभर थांबतो, कधी किंचित मागेही येतो. तीन रोलरांचा पंप फेऱ्याला ०.६ मिलिलिटर देत असेल तर प्रत्येक ठोका ०.२ मिलिलिटरचा. वीस मिलिलिटरच्या मात्रेत ठोक्याचा एखादा तुकडा इकडेतिकडे झाला तरी फरक जाणवत नाही, पण अर्धा मिलिलिटर हवा असेल तर अडीच ठोके लागतात आणि रोलर कुठल्या कोनातून निघाला यावर निकाल ठरतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मात्रा पूर्ण ठोक्यांत बसवणे आणि चाक प्रत्येक वेळी त्याच कोनात थांबवणे. त्याहून चांगला मार्ग बारीक नळीचा आहे, कारण तेवढ्याच मात्रेसाठी फेरे वाढतात आणि एका ठोक्याचे महत्त्व कमी होते.

ओढण्याच्या बाजूला नळीजवळ फुगण्यापलीकडे दुसरी ताकद नसते. बाटली फार खाली असेल, नळी लांब आणि बारीक असेल किंवा द्रव दाट असेल, तर पुढचा रोलर येईपर्यंत ती पुरती भरत नाही. वेग वाढवला की हा तोटाही वाढतो. डायलिसिसमध्ये हेच घडते: पंपाआधीचा दाब फार खाली गेला की रक्ताचा खरा प्रवाह पडद्यावरच्या आकड्याहून कमी असतो. छोट्या पंपात सावकाश चालवणे, ओढणारी नळी आखूड ठेवणे आणि बाटली पसरट घेणे एवढ्याने बरेच साधते. पसरट बाटलीत द्रवाची पातळी फारशी उतरत नाही. हायपोक्लोराइट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर नळीत वायूचे बुडबुडे धरतात आणि द्रवाची जागा खातात. अशा वेळी मात्रेपूर्वी नळी भरून घेणे आवश्यक ठरते.

दुसऱ्या टोकाला प्रश्न थेंबाचा. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा; तो टोकाला लटकून राहिला तर एक मिलिलिटरच्या मात्रेत पाच टक्के कमी पडले. टोक बारीक ठेवले किंवा भांड्याच्या भिंतीला टेकवले की थेंब अडत नाही. टोक टाकीत बुडवणे मात्र धोक्याचे, कारण नळी झिजली की पाणी उलटे बाटलीत शिरू शकते.

कॅलिब्रेशन वजनावर करावे. मोजपात्राच्या रेषेवर डोळा ठेवण्यापेक्षा वजनकाटा कितीतरी भरवशाचा. २५ अंशांवर एक मिलिलिटर पाण्याचे वजन ०.९९७ ग्रॅम असते. द्रावण दाट असेल तर त्याची घनता काढावी आणि कॅलिब्रेशन त्याच द्रावणाने करावे. वेळेवर चालणाऱ्या पंपात एकच लांब चाचणी फसवते. समजा ६० सेकंदांत ३६.०६ आणि ५ सेकंदांत ३.०६ मिलिलिटर मिळाले. ५५ सेकंदांचा फरक ३३ मिलिलिटर, म्हणजे खरा वेग सेकंदाला ०.६, उरलेले ०.०६ मोटर थांबता थांबता पडतात. केवळ लांब चाचणीवर विसंबले तर एका सेकंदाच्या मात्रेत अपेक्षेपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त पडतील. नंतर नेहमीच्या आकाराच्या दहा-वीस मात्रा वेगवेगळ्या तोलाव्यात. सरासरी चुकत असेल तर आकडा बदलून ती सुधारता येते. मात्राच आपसांत विखुरलेल्या असतील तर कुठलाही आकडा उपयोगाचा नाही. दोष यंत्रात शोधावा लागतो.

नवी नळी लगेच तोलू नये. सुरुवातीच्या काही तासांत ती रोलरांखाली सैलावते, म्हणून आधी ती चालवून घ्यावी. पुढे ती हळूहळू लवचीकपणा हरवते आणि प्रवाह उतरत जातो. सिलिकॉनची नळी मऊ असते पण लवकर थकते. थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरच्या नळ्या जास्त टिकतात. बंद पंपात रोलर एकाच जागी महिनोन्महिने दाबून राहिला तर तिथे कायमचा चपटेपणा येतो, तेव्हा पंप ठेवून देताना नळी डोक्यातून सोडवून ठेवावी.

याहून अधिक अचूकता हवी असेल तर बाटलीखाली लोड सेल बसवून कमी होणारे वजनच मोजतात. मग नळीची झीज, मोटरचा वेग, द्रवाची पातळी यांतले बहुतेक दोष आपोआप गळतात. नियंत्रक मात्रेचा मोठा भाग वेगाने देतो, शेवटचा थोडा सावकाश, आणि थांबल्यानंतर किती पडते ते शिकून आधीच हात आवरतो. इथेही पथ्ये आहेत. बाटलीत उतरणारी नळी ताठ असेल तर ती बाटलीला टेकू देते आणि वजन खोटे येते; तापमान बदलले की सेलचा शून्य सरकतो, म्हणून प्रत्येक मात्रेच्या आधी शून्य नव्याने घ्यावा लागतो.