मशेरीची डबी आणि पाळण्यांतील मूल

रायगड जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाब्यांत, पेण-रोह्याकडील पुष्कळ घरांत तव्यावर काळी भाजलेली तंबाखू कुटून तिची मशेरी दांतांस लावण्याची चाल आहे. निमित्त दांत घासण्याचें. चटक मात्र निकोटिनची. तें हिरड्यांतून रक्तांत व वारेतून गर्भापर्यंत पोंचतें. ही चाल केवळ मोलकरणींची असें समजूं नये. सुशिक्षितांच्या माजघरांतही ती डबी आढळूं शकते.

मुंबईंत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें दिसलें कीं, मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं बालकें सरासरीनें १०५ ग्रॅम हलकीं भरलीं. अकालीं प्रसूतीही त्यांच्यांत अधिक झाल्या.

मूल जन्मास आलें कीं आईला बोल लावण्याची वेळ सरते आणि संगोपनाची येते. गर्भांत निकोटिन पोंचलेलें अर्भक किरकिरें, चटकन् दचकणारें व उशिरां शांत होणारें असूं शकतें. अशा वेळीं आपल्या एकत्र कुटुंबांत काय घडतें? तें दहा हातांवरून फिरतें. इकडे खुळखुळा, तिकडे चुटक्या! हें सारें प्रेमापोटीं. पण त्या जिवाला तें पेलत नाहीं. एका वेळीं एकच हात व एकच सौम्य स्वर असावा. त्यानें टक लावून पाहिलें कीं बोलावें. तोंड फिरविलें कीं थांबावें. वजन कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यास आईच्या उघड्या छातीशीं धरावें. मशेरी अद्याप सुटली नाहीं म्हणून अंगावरचें दूध तोडूं नये. सोडावयाची ती मशेरी.

झोंपेसाठीं मात्र कांहीं एक चाटवूं नये. एके काळीं मुंबईच्या गिरण्यांतील बायका कामावर जातांना तान्ह्यांना अफू देत. १९३१ च्या मजूर कमिशनच्या अहवालांतही या चालीची दखल आहे. त्या मातांना मूल सांभाळावयास कोणी नव्हतें. आपल्या घरीं आजी आहे, काकू आहे, आत्या आहे.

मशेरी एकट्या सुनेनें सोडणें कठीण. सासूबाईंनीं स्वतःची डबी आधीं बाहेर टाकली, तर नातवंडास याहून मोठा आहेर कोणता?