नव्या भिंतीचा पहिला रंग

नव्या घराचा गिलावा झाला की घरधन्याला रंगाची घाई सुटते. एका हाताने भाडं, दुसऱ्या हाताने कर्जाचा हप्ता आणि त्यात दिवाळी किंवा ईद तोंडावर आलेली. भिंत हाताला कोरडी लागते, रंगारी म्हणतो, ‘साहेब, उद्यापासून सुरू करतो.’ वर्ष उलटत नाही तोच पोपडे सुटू लागतात आणि शिव्या खातो रंगाचा डबा. बहुतेक वेळा रंग चांगलाच असतो. मधले दिवस गाळलेले असतात.

हे मधले दिवस कशाचे? सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून गवंडी गिलाव्यावर निदान 7 दिवस पाणी मारायला सांगतो. मराठवाड्या-विदर्भातल्या उन्हात हे चुकलं तर भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. पाणी मारणं थांबलं की दुसरं काम सुरू होतं, आत उरलेलं पाणी हळूहळू बाहेर पडण्याचं. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओलीच असते. तिच्यावर रंग चढवला की ओल बाहेरची वाट शोधते आणि रंगाला फोड येतात. शिवाय सिमेंट घट्ट होताना आत चुना तयार होतो. तो दाहक असतो. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट दिला तर या चुन्यामुळे रंगातल्या तेलाचा चक्क साबण होतो. साबणाच्या कारखान्यात जे मुद्दाम घडवतात, ते आपल्या बैठकीच्या खोलीत फुकट घडतं!

तेव्हा पाणी मारून झाल्यावर साधारण महिनाभर तरी थांबावं. पावसाळ्यात किंवा कोकणपट्टीत त्याहूनही जास्त. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भिंत सुकली की नाही हे पाहायला हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवा. सकाळी आतून दवासारखे थेंब दिसले, तर रंगाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

राहायला जाणं टळतच नसेल तर? जुना उपाय आहे, चुन्याची सफेदी. चुन्याच्या थरातून ओल बाहेर जाऊ शकते आणि तो स्वतः हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. पहिलं वर्ष सफेदीवर काढायला लाज कसली? मात्र पुढे दुसरा रंग देताना तो चुना नीट खरवडून काढावा लागतो; भुकटीवर रंग धरत नाही.

भिंतीवर पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. मग भिंतीवर बोटांनी टकटक करा. पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला आहे, तो काढून नव्याने करायचा. पुट्टीने तो झाकणारे कारागीर भेटतात, त्यांच्यापासून सावध.

आता पुट्टी. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत पाण्याने थोडी ओलसर करतात. आत्ताच सुकवा म्हणालात आणि आता ओली करा म्हणता, असं कुणी विचारेल. पण ही ओल वरवरची, पुट्टीला धरण्यापुरती असते. दोन पातळ हात पुरतात. जाड थर तडकतो. पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपर मारायचा. त्या वेळी तोंडाला फडकं नव्हे, मास्क हवा आणि मुलं दुसऱ्या घरी. धूळ झाडून प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. जास्त पाण्याने डबा पुरतो, रंग मात्र टिकत नाही.

दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट घेताना डब्यावर शिशाचा उल्लेख वाचा. घरगुती रंगांसाठीचे 2016 चे नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. दहा लाख भागांत शिशाचे 90 भाग ही त्यांतली मर्यादा आहे. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं, म्हणून बिननावाचा स्वस्त डबा नकोच.

छटा दुकानातल्या कागदावरून ठरवू नका. भिंतीवर हातभर तुकडा रंगवा, वाळू द्या, सकाळच्या उजेडात पाहा, रात्री दिव्याखाली पाहा. आधी छत, मग भिंती, शेवटी दारं. उरलेला रंग घट्ट झाकून ठेवा आणि डब्यावर खोलीचं नाव व छटेचा क्रमांक लिहा. दोन वर्षांनी खिळ्याचं भोक बुजवताना तो लागतो.